हळदीत चेहरे नारिंगी, मुहूर्ताला जांभळे: एस-लॉग३ चं ग्रेडिंग कुठे फसतंय?

गच्चीवरचा_कॅमेरा (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. लग्नाचं फुटेज ग्रेड करायला (म्हणजे रंग-उजेड जुळवायला) घेतलंय आणि तीन-चार ठिकाणी अडलोय. माहिती आधीच सविस्तर देतो, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह १९, मोफत आवृत्ती, विंडोज लॅपटॉप. मुख्य कॅमेरा सोनी ए७ फोर: ४के २५पी, १० बिट ४:२:२, एस-लॉग३ (ग्रेडिंगसाठी फिकं, सपाट चित्र नोंदवणारं सोनीचं प्रोफाइल). दुसरा सोनी ए६४००: एस-लॉग३च, पण ८ बिट. ए७ फोरच्या फाइल रिझॉल्व्हमध्ये नुसता आवाज दाखवत होत्या, चित्र नाही, म्हणून शटर एन्कोडर या कन्व्हर्टरमधून डीएनएक्सएचआर एचक्यू या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये करून घेतल्या. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कलर सायन्स ‘दाविंची वायआरजीबी कलर मॅनेज्ड’ आहे आणि पहिल्या नोडवर (नोड म्हणजे दुरुस्तीची एक पायरी) एस-लॉग३ ते रेक ७०९ (टीव्हीचं नेहमीचं रंगमानक) अशी लट (एलयूटी, रंग बदलायचा तयार तक्ता) टाकली आहे.

हळद: उपवनजवळच्या सोसायटीची गच्ची, वर पिवळ्या कापडाचा मांडव, सकाळी अकराचं ऊन. चेहरे नारिंगी. गालावरची हळद सपाट डाग वाटते, तिचा पोतच दिसत नाही. एका काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून व्हाइट बॅलन्स उचलला, तर एका शॉटमध्ये बरा दिसतो आणि पुढच्यात मांडवाबाहेरचं आकाश जांभळं पडतं.

लग्न: वाशीचा हॉल, गोरज मुहूर्त. स्टेजच्या मागून निळे-जांभळे एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे), समोरून पिवळट फोकस, डावीकडे मोठ्या काचा आणि त्यातून मावळतीचा उजेड. नवरदेवाच्या गालावर निळे-काळे चट्टे येतात, कडा कात्रीने कापल्यासारख्या. मंगलाष्टकं सुरू होतानाचा रंग आणि संपतानाचा रंग यात तर जमीनअस्मानाचा फरक.

शिवाय ए६४०० ची क्लिप मधे आली की कट लगेच कळतो, चित्र हिरवट होतं. आणि क्लाएंटला व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला तर उत्तर आलं, ‘नवरी पिवळी दिसतेय.’ लॅपटॉपवर तशी दिसत नाही.

सुरुवात कुठून करू?

नोडकरी (ठाणे, घोडबंदर रोड)

तुमच्या वर्णनातच दोन गोष्टी उघड दिसतात. त्या दुरुस्त केल्याशिवाय हळद-मुहूर्ताकडे वळू नका, कारण निम्मा नारिंगीपणा तिथूनच येतोय.

पहिली: डीएनएक्सएचआर एचक्यू ८ बिट असतं. १० बिट हवं असेल तर एचक्यूएक्स. नावात एका अक्षराचा फरक, पण ए७ फोरच्या १०२४ पायऱ्यांच्या २५६ झाल्या आणि कुठे इशाराही आला नाही. फाइल पुन्हा फिरवून (कन्व्हर्ट करून) घ्या. विंडोजवरच्या मोफत रिझॉल्व्हला १० बिट ४:२:२ एच.२६४ झेपत नाही, त्यामुळे फिरवणं टळत नाही.

दुसरी: रंगाचं रूपांतर दोनदा होतंय. कलर मॅनेज्ड मोडमध्ये रिझॉल्व्ह स्वतः क्लिपला टाइमलाइनच्या रंगावकाशात (कलर स्पेस, रंगांची ठरलेली कक्षा) नेतं आणि शेवटी रेक ७०९ मध्ये उतरवतं. तुमची लट मधल्या नोडवर आहे. तिला एस-लॉग३ अपेक्षित आहे, मिळतंय भलतंच, आणि ती जे ७०९ बाहेर काढते त्यावर रिझॉल्व्ह शेवटी आणखी एकदा रूपांतर करतं. वरणाला दोनदा फोडणी दिल्यावर होतं तेच. कॉन्ट्रास्ट फाटतो, लाल-पिवळे पेटतात. एक तर कलर मॅनेज्ड ठेवा आणि लट काढा, किंवा मॅनेजमेंट बंद करून सगळं नोडवर हाताने करा. दोन कॅमेऱ्यांसाठी मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण कुठे काय होतंय ते डोळ्यांना दिसतं.

मांडणी अशी. प्रोजेक्ट सेटिंग्ज, कलर मॅनेजमेंट: कलर सायन्स ‘दाविंची वायआरजीबी’, टाइमलाइन कलर स्पेस ‘दाविंची वाइड गॅमट इंटरमीडिएट’, आउटपुट ‘रेक ७०९ गॅमा २.४’. मग कलर पेजवर प्रत्येक कॅमेऱ्याचा एक ग्रुप करा. ग्रुपच्या प्री-क्लिपमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाका: इनपुट एस-गॅमट३ सिने आणि एस-लॉग३, आउटपुट दाविंची वाइड गॅमट आणि दाविंची इंटरमीडिएट, टोन मॅपिंग ‘नन’. ग्रुपच्या पोस्ट-क्लिपमध्ये दुसरा ट्रान्सफॉर्म: तिथून रेक ७०९ गॅमा २.४, टोन मॅपिंग ‘दाविंची’, गॅमट मॅपिंग ‘सॅच्युरेशन कम्प्रेशन’. हा दुसरा ट्रान्सफॉर्म टाइमलाइनच्या नोडवर टाकायचा मोह होतो, कारण एकदाच टाकावा लागतो. पण मग ‘चि. सौ. कां.’ची पाटी, पत्रिकेचं ग्राफिक, लोगो हेही त्यातून जातात आणि त्यांचे रंग बिघडतात.

पुढे जाण्याआधी लेव्हल तपासा. कॅमेऱ्यात लेन्सला टोपी लावून पाच सेकंदांची एस-लॉग३ क्लिप घ्या, त्याच पद्धतीने फिरवा आणि सगळे नोड बंद करून वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) १० बिट मोजपट्टीवर बघा. काळा ९५ च्या आसपास बसला तर ठीक. ३५ च्या आसपास बसला, तर फाइल ‘व्हिडिओ’ लेव्हल म्हणून वाचली जातेय. क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स ‘फुल’ करा. ही गडबड फाइल फिरवताना हमखास होते. मग सावल्या काळ्या पडल्या म्हणून माणूस लिफ्ट (सावल्यांचं चाक) वर ढकलत बसतो.

आता क्लिपच्या पातळीवरचे नोड. पहिला एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सचा. नोडवर उजवी क्लिक, गॅमा, ‘लिनियर’. या नोडमध्ये फक्त गेन वापरायचा, लिफ्ट-गॅमाला हात नाही. लिनियरमध्ये गेन २.० म्हणजे बरोबर एक स्टॉप वर (दुप्पट उजेड), ०.५ म्हणजे एक स्टॉप खाली. एस-लॉग३ बरेच जण १.७ स्टॉप जास्त एक्स्पोज करून घेतात (सावलीतला नॉइज, म्हणजे दाणे, टाळायला ते योग्यच आहे), अशा क्लिपला गेन ०.३१ दिला की चित्र जागेवर येतं. आणि याच नोडमध्ये लाल-हिरवा-निळा गेन वेगवेगळा हलवला, तर व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यात बदलल्यासारखा स्वच्छ बदलतो. टेम्परेचर-टिंटच्या स्लायडरने साध्या नोडमध्ये तेच केलं की सावल्या एका रंगाच्या आणि उजेड दुसऱ्या रंगाचा, असं होतं.

बॅलन्स कशावरून घ्यायचा? सदऱ्यावरून नको. पांढऱ्या कपड्याला नीळ दिलेली असते, नाहीतर धुण्याच्या पावडरीतलं चमक आणणारं रसायन असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं. उन्हात तो सदरा खऱ्यापेक्षा निळा असतो, त्याला ‘पांढरा’ मानलंत की बाकीचं सगळं पिवळं-नारिंगी. पिवळ्या कापडाखाली तोच सदरा वेगळा वागतो, म्हणून तुमचे दोन शॉट जुळत नाहीत.

लग्नात त्याहून चांगली खूण तुमच्या फुटेजमध्येच आहे: अंतरपाट. साधा पांढरा सुती असेल तर तो दोघांच्या चेहऱ्यांच्या मधोमध, त्याच उजेडात, मंगलाष्टकं संपेपर्यंत धरलेला असतो. आयता ग्रे कार्ड. कुंकवाच्या स्वस्तिकापासून दूरचा भाग घ्या, पॉवर विंडोने (चित्राचा भाग वेगळा करणारी चौकट) तेवढाच दाखवा आणि आरजीबी परेडमध्ये (लाल-हिरव्या-निळ्याचे वेगळे आलेख) तिन्ही रंगांचे पट्टे एका उंचीला आणा. कापड ७०९ मध्ये ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवलं की त्याचा विणकामाचा पोतही राहतो. हल्ली क्रीम सॅटिनचे, जरीकाठाचे अंतरपाट मिळतात. तसला असेल तर सोडून द्या. आणि तो खाली गेल्यावर चेहऱ्यांवरचा उजेड बदलतो, कारण कापड रिफ्लेक्टरचं काम करत होतं. तिथे चेहरे किंचित पडले तर नवल नाही, एक कीफ्रेम (त्या क्षणापासून बदलाची खूण) द्या.

खाडीपलीकडे (नवी मुंबई, नेरूळ)

निळ्या-काळ्या चट्ट्यांबद्दल. ते नॉइज नाहीत आणि कॅमेरा खराबही नाही. एलईडी पारचा निळा-जांभळा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, फार शुद्ध असतो. एस-गॅमट३ सिनेमध्ये तो मावतो, पण रेक ७०९ मध्ये उतरवताना लाल किंवा हिरव्या चॅनेलची किंमत शून्याच्या खाली जाते. तिथे सॉफ्टवेअर सरळ कापतं आणि तुम्हाला ती कात्रीची कड दिसते. लटमध्ये हे जास्त होतं: ३३ बिंदूंची लट म्हणजे सगळ्या रंगांसाठी मिळून ३५,९३७ नमुने, मधलं सगळं अंदाजाने भरलेलं, आणि कक्षेबाहेरच्या किमती छाटलेल्या.

नोडकरींनी सांगितलेलं सॅच्युरेशन कम्प्रेशन चालू केलं की बहुतेक चट्टे जातात. उरलेच तर पोस्ट-क्लिपच्या आधी एक नोड घ्या, ‘सॅट व्हर्सेस सॅट’ कर्व्हमध्ये उजवीकडचं टोक खाली ओढा. म्हणजे जे आधीच खूप भडक आहेत तेच रंग मवाळ होतात, शालूचे आणि फुलांचे साधे रंग तसेच राहतात. ‘ह्यू व्हर्सेस सॅट’ने निळा-जांभळा थेट कमी करू नका. नवरीची शाई-जांभळी पैठणीही त्यात राखाडी होते आणि मग सासरची मंडळी विचारतात, साडी कुठली होती.

चेहऱ्यावर निळा थेट पडला असेल तर तिथे लाल चॅनेलमध्ये फारसं काही नोंदलंच गेलेलं नसतं. गेन वाढवून फक्त नॉइज वाढतो. आरजीबी मिक्सरमध्ये ‘प्रिझर्व्ह ल्युमिनन्स’ चालू ठेवून लाल आउटपुटमध्ये हिरवा ०.२ ते ०.३ मिसळा. त्वचेचा आकार हिरव्या चॅनेलमध्ये असतो, तो उसना घ्यायचा. चेहऱ्याभोवती विंडो, कंट्रोल-टी ने ट्रॅक, कड मऊ. मॅजिक मास्क (माणूस आपोआप वेगळा करणारं साधन) स्टुडिओ, म्हणजे विकतच्या, आवृत्तीत आहे, मोफतमध्ये विंडोवरच भागवायचं. पूर्ण नैसर्गिक चेहरा मिळणार नाही. रंगीत उजेडातला चेहरा आहे असं वाटावं आणि आजारी वाटू नये, एवढंच ध्येय ठेवा.

पुढच्या वेळी लाइटवाल्याला आधीच गाठा. मंगलाष्टकांच्या वेळी मागचे पार निळे राहू देत, पण समोरून चेहऱ्यावर येणारे पांढरेच हवेत. आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. २५पी ला १/५० किंवा १/१०० सोडून दुसरं काही ठेवलंत की पट्टे सरकायला लागतात. डिमरवरचे स्वस्त एलईडी तरीही त्रास देतात, त्यावर शूटिंगच्या वेळीच शटर बारीक-बारीक हलवून बघणं हाच उपाय.

पीपी८_की_पीपी९ (कळवा)

ए६४०० हिरवट का, तर आधी पिक्चर प्रोफाइल तपासा. या पिढीच्या सोनीत पीपी८ म्हणजे एस-लॉग३ बरोबर एस-गॅमट३ सिने, आणि पीपी९ म्हणजे एस-लॉग३ बरोबर साधा एस-गॅमट३. गॅमा तोच, रंग वेगळे. पीपी९ वर शूट झालं असेल आणि इनपुटला ‘सिने’ निवडलंत, तर रंग थोडे सरकलेलेच राहणार. अशा वेळी त्या ग्रुपच्या ट्रान्सफॉर्ममध्ये इनपुट बदलला की अर्धं काम झालं.

राहिला हिरवा. हॉलचे स्वस्त एलईडी हिरव्या बाजूला झुकतात आणि प्रत्येक सेन्सर तो झुकाव वेगळा वाचतो. लिनियर नोडमध्ये हिरवा गेन १.० वरून ०.९६-०.९७ करा, अंतरपाट दोन्ही कॅमेऱ्यांत दिसतोच आहे, परेड शेजारी ठेवून जुळवा. रिझॉल्व्हमध्ये ‘शॉट मॅच’ आहे, पण लग्नात एका फ्रेममध्ये शालू आणि दुसऱ्यात पाहुण्यांची गर्दी असली की ते पार चुकतं. ए७ फोरचा स्टिल पकडा (कंट्रोल-ऑल्ट-जी), वाइप लावा, हाताने जुळवा.

८ बिटवर एस-लॉग३ घेऊच नये हे माझं मत. २५६ पायऱ्या, त्यातही एस-लॉग३ खालचा-वरचा भाग वापरत नाही. कॉन्ट्रास्ट ताणला की गच्चीवरच्या आकाशात पट्टे. त्या कॅमेऱ्यात सिने२ किंवा एचएलजी बरं. आता जे आहे त्यावर इलाज इतकाच: आकाश ताणू नका आणि शेवटी ग्रेनची (फिल्मसारख्या दाण्यांची) क्लिप ओव्हरले मोडमध्ये ८-१० टक्के अपारदर्शकतेने वर ठेवा. पट्ट्यांच्या कडा मोडतात.

गच्चीवरचा_कॅमेरा

पीपी९ च निघाला. इनपुट बदलला, खूप फरक पडला. लट काढली, टोपीवाली चाचणी केली: काळा ३६ वर होता, ‘फुल’ केल्यावर ९५ वर आला.

हळदीला मात्र अंतरपाट नाही. तिथे काय धरू? आणि प्रत्येक चेहरा व्हेक्टरस्कोपच्या (रंगछटांच्या आलेखाच्या) स्किन टोन रेषेवर आणायचा का?

नोडकरी

हळदीला स्टीलची वाटी किंवा तांब्या बघा. स्टीलवरचा चकाकणारा ठिपका ज्या उजेडाखाली आहे त्याचा रंग दाखवतो. तांब्याचा कलश चालणार नाही, तो स्वतःच लाल. पण इथे खरा प्रश्न खूण मिळण्याचा नाही, किती दुरुस्त करायचं याचा आहे. पिवळं कापड उन्हातला निळा भाग गाळून टाकतं. तो पूर्ण परत आणायला निळा गेन एवढा चढवावा लागतो की निळ्या चॅनेलचा नॉइज वर येतो, आणि कापडाखाली नसलेलं बाहेरचं आकाश जांभळं होतं. तेच तुमच्याकडे झालं.

म्हणून निम्माच पिवळा काढा. मांडवाखाली बसलेली माणसं थोडी पिवळी दिसणारच, बघणाऱ्याला मांडव दिसतोय. बाहेरचा भाग वेगळा करायचा तर रंगाने पकडू नका, उजेडाने पकडा: मांडवाबाहेर दोन-तीन स्टॉप जास्त असतो, ल्युमिनन्स क्वालिफायर (ठरावीक उजेडाचा भाग निवडणारं साधन) सहज बसतो. क्वालिफायर क्लिपच्या मूळ चित्रावर लावा, गेन दिल्यानंतरच्या नाही, आणि ब्लर रेडियस थोडा वाढवा, नाहीतर केसांच्या कडेला झालर दिसते.

हळदीचा पोत: पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा चॅनेल वर चढलेले असतात, त्यातला बारीक फरक जवळजवळ सगळा निळ्या चॅनेलमध्ये असतो. लटने तो शून्यावर कापला आणि डाग सपाट झाला. आता गॅमट मॅपिंग आहे, पोत बराचसा परत दिसेल. कमी वाटला तर ‘ह्यू व्हर्सेस ल्युम’मध्ये पिवळा किंचित खाली घ्या. सॅच्युरेशन वाढवून हळद ‘उठावदार’ करायला जाऊ नका, उलट सपाट होते.

स्किन टोन रेषेबद्दल: ती लाल आणि पिवळ्याच्या मधून जाते, आणि सावळा असो वा गोरा, त्वचेचा ह्यू (रंगछटा) बहुतेक तिच्याच आसपास पडतो, कारण तो कातडीखालच्या रक्ताचा आणि मेलॅनिनचा मिळून असतो. बदलतो तो उजेड आणि गडदपणा. पण हळद लावलेला गाल त्या रेषेवर आणलात तर हळद गुलाबी होईल. मोजायला न माखलेली जागा घ्या: कानाची पाळी, केसांच्या रेषेजवळचं कपाळ. विंडोने तेवढाच भाग दाखवून स्कोप बघा, अख्ख्या फ्रेमचा स्कोप पिवळ्या कापडानेच भरलेला असतो. मेकअप केलेल्या नवरीचा चेहरा आणि हात वेगळे निघतात. अशा वेळी मी हात खरा मानतो.

उजेडाचा ढोबळ अंदाज: गव्हाळ चेहऱ्याची उजळ बाजू ७०९ च्या वेव्हफॉर्मवर ५० ते ६० टक्के, सावळ्याची ३५ ते ५०. ‘जरा गोरं करा’ ही फर्माईश आली की लोक सॅच्युरेशन काढून गॅमा चढवतात, आणि चेहरा पीठ लावल्यासारखा होतो, दागिने विटतात. चेहऱ्यावर विंडो घेऊन पाव स्टॉप उजेड द्या, रंग आहे तसाच ठेवा. क्लाएंटला हवा असतो तो तजेला, आणि तो उजेडानेच येतो.

पडद्यामागची (ठाणे पूर्व)

‘नवरी पिवळी’ याचं उत्तर ग्रेडिंगमध्ये शोधण्याआधी पडदे तपासा, तुमचा आणि त्यांचा दोन्ही.

तुमचा: लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो पॅनेल एसआरजीबीचा (संगणकाच्या पडद्याचं नेहमीचं रंगमानक) जेमतेम ६२-६५ टक्के भाग दाखवतो. लाल-पिवळे त्यावर फिकेच दिसतात, तुम्ही नकळत वाढवत जाता आणि चांगल्या पडद्यावर ते पेटतात. किमान १०० टक्के एसआरजीबी आयपीएस मॉनिटर जोडा, ६५०० केल्विन, ब्राइटनेस १०० निटच्या आसपास. गॅमा २.४ हा २०११ च्या बीटी.१८८६ शिफारशीतला, मंद उजेडाच्या खोलीसाठी. ट्यूबलाइट लावून बसणार असाल तर मॉनिटर २.२ वर ठेवून काम करा, पण मग अर्ध्यात बदलू नका. विंडोजचा नाइट लाइट बंद. मॉनिटरमागची भिंत आंबा रंगाची असेल तर डोळा त्या रंगाला सरावतो आणि चित्र निळं वाटायला लागतं. राखाडी चादर टांगली तरी पुरते.

त्यांचा: सॅमसंगवर स्क्रीन मोड ‘व्हिव्हिड’ असतो, तो ‘नॅचरल’ करायला सांगा. आयफोनवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद. रात्री जेवणानंतर बघितलेला व्हिडिओ नाइट शिफ्टमुळेच पिवळा असतो, असं अनेकदा निघतं. आणि नमुना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून गेला की तो नव्याने दाबला जातो, सावल्यांचे ठोकळे होतात आणि चेहऱ्यावरचे हलके रंग सर्वात आधी मरतात.

डिलिव्हर पेजवर प्रगत पर्यायांत कलर स्पेस टॅग आणि गॅमा टॅग ‘सेम ॲज प्रोजेक्ट’. मॅकवर क्विकटाइममध्ये फाइल फिकट दिसते ही तक्रार येईलच: मॅकची रंगव्यवस्था ७०९ चा टॅग २.४ पेक्षा बरीच उजळ वाचते. क्लाएंट फक्त मॅक-आयफोनवरच बघणार असेल तर ‘रेक ७०९-ए’ वापरता येतं, टीव्हीसाठी मात्र २.४ च. यूट्यूबला ४के २५पी साठी ४५ एमबीपीएस पुरतं.

लुमेट्रीवाला (ऐरोली)

प्रीमियरमध्ये काम करणाऱ्यांसाठी एवढंच जोडतो: तिथेही दोनदा रूपांतराचा सापळा आहे. लॉग आपोआप ओळखायचं सेटिंग चालू असताना लट टाकलीत की हाच नारिंगी चेहरा. ते बंद करून लट वापरायची असेल तर लुमेट्रीत (प्रीमियरचं रंगाचं पॅनेल) ‘बेसिक’मधल्या इनपुट लटऐवजी ‘क्रिएटिव्ह’मधल्या लुकमध्ये टाका. बेसिकमधली इनपुट लट सर्वात आधी लागते, एक्स्पोजरचे स्लायडर तिच्यानंतर. लटने जाळलेला उजेड मग परत येत नाही. क्रिएटिव्हमध्ये टाकली की एक्स्पोजर आधी, लट नंतर.

गच्चीवरचा_कॅमेरा

दोनच शंका उरल्या. गोरज मुहूर्ताची क्लिप सलग आहे, कट नाही. मावळतीचा सरकता रंग कसा धरू? आणि एचक्यूएक्सच्या फाइल अवाढव्य होतायत, डिस्क भरली.

खाडीपलीकडे

लिनियर नोड निवडा, खालच्या कीफ्रेम पॅनेलमध्ये त्या नोडच्या ओळीवर मंगलाष्टकांच्या सुरुवातीला डायनॅमिक कीफ्रेम द्या, मग ‘सावधान’च्या अगदी आधी दुसरी. दुसरीवर अंतरपाट पुन्हा परेडमध्ये जुळवा. मधला बदल रिझॉल्व्ह आपोआप सरकवेल. स्टॅटिक दिलीत तर रंग एका क्षणी टुणकन उडी मारेल, ती चूक बघा. काचेतून येणारा उजेड शेवटी निळा होत जातो आणि समोरचे फोकस पिवळेच राहतात, त्यामुळे एका गेनने दोन्ही बाजू जुळणार नाहीत. चेहऱ्यांवरचा फोकस जुळवा, काच निळी होऊ दे, संध्याकाळ आहे. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर मात्र कीफ्रेम देत बसाल, कारण तो मधेच स्वतःहून उडी मारतो. तिथे क्लिप कापून तुकड्यातुकड्याने जुळवणं जलद.

सावलीतला रंगीत नॉइज राहिला तर, नॉइज रिडक्शन स्टुडिओतच असल्यामुळे, ‘ल्युम व्हर्सेस सॅट’ कर्व्हचं डावं टोक खाली घ्या. सावल्यांतला रंगच कमी झाला की नॉइज राखाडी होतो आणि डोळ्यांना खुपत नाही.

नोडकरी

डिस्कसाठी: एचक्यूएक्स ४के २५पी ला तासाला ३०० जीबीच्या आसपास जातात. शटर एन्कोडरमध्ये प्रोरेस ४२२ निवडा, १० बिट ४:२:२ च आहे, तासाला साधारण २२० जीबी. त्याचंच हलकं एलटी घेतलं तर १५० च्या पुढे-मागे. विंडोजवरचं मोफत रिझॉल्व्ह प्रोरेस वाचतं. मुहूर्त, हळद, कन्यादान, सप्तपदी असे तुम्ही ग्रेड करणार ते भाग ४२२ मध्ये, जेवणाच्या पंगती आणि आहेर एलटीमध्ये. आणि पूर्ण कार्ड फिरवू नका. व्हीएलसीत बघून हवे तेवढे तुकडे शटर एन्कोडरमध्ये इन-आउट देऊन काढा. मूळ कार्डाच्या प्रती मात्र दोन ठिकाणी ठेवा, आणि फिरवलेल्या फाइलनंतर लेव्हलची टोपीवाली चाचणी पुन्हा एकदा करा, कारण कोडेक बदलला की डेटा लेव्हल्सचा टॅग परत बदललेला असू शकतो.